भाडे कोणाच्या खिशावरून ठरते? : देहू परिसर आणि सागरी पर्यटनस्थळे

प्रास्ताविक

'घर' आणि 'बिऱ्हाड' हे दोन शब्द मराठी माणूस सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. घर मूळ गावी असते. बिऱ्हाड नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या गावी करावे लागते. घर बांधतात, बिऱ्हाड मांडतात आणि वेळ आली की हलवतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण याच अनुभवातून आली आहे. आपल्यापैकी अनेकांनी हा अभ्यासक्रम भाड्याच्या खोलीत बसूनच पूर्ण केला असेल; त्यामुळे या घटकाचा विषय आपणांस नवा नाही. नवी असेल ती त्याकडे पाहण्याची रीत.

ज्या गावात काम मिळते त्याच गावात राहायला परवडणारी खोली मिळत नाही, हा आजचा जगभरचा प्रश्न आहे. त्याची सर्वाधिक चर्चा झाली ती समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटनस्थळांच्या संदर्भात. देहूला समुद्र नाही. आहे ती इंद्रायणी. तरीही किनाऱ्यावर जी प्रक्रिया घडते तिचेच एक वेगळे रूप देहू, तळवडे, चिखली, मोशी, चाकण या पट्ट्यात दिसते, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर भाडे कसे ठरते हे अधिक स्पष्ट होते.

'परवडणे' आणि 'टंचाई' : दोन संज्ञा

घराचा खर्च परवडतो की नाही, हे मोजण्याची रूढ पद्धत सोपी आहे. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत निवासखर्च असेल तर तो परवडणारा मानतात. ही मोजणी सोयीची असली तरी अल्प उत्पन्नाच्या बाबतीत ती फसवी ठरते. महिना एक लाख मिळवणाऱ्याने तीस हजार भाडे दिले तरी त्याच्याजवळ सत्तर हजार उरतात. महिना पंधरा हजार मिळवणाऱ्याने साडेचार हजार दिले तर उरलेल्या साडेदहा हजारांत किराणा, गॅस, मुलांची शाळा, गावाकडे पाठवायची रक्कम आणि आजारपण हे सर्व बसवावे लागते. म्हणून काही अभ्यासक उलट बाजूने हिशेब मांडतात : जगण्याचे इतर आवश्यक खर्च वजा केल्यावर भाड्यासाठी किती उरते, ते पाहावे. प्रस्तुत लेखकाला ही दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

टंचाईचेही तसेच आहे. घरांची टंचाई म्हणजे घरांची संख्या कमी, असे आपण गृहीत धरतो. परंतु २०११ च्या जनगणनेत भारतातील शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. आणि त्याच सुमारास, २०१२ मध्ये, केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने शहरी घरांचा तुटवडा सुमारे एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख असल्याचा अंदाज दिला. कुलूप लावलेली घरे आणि घर शोधणारी माणसे एकाच शहरात असू शकतात, याचा हा पुरावा होय. उभी असलेली घरे निराळी, आणि राहण्यासाठी भाड्याने उपलब्ध असलेली घरे निराळी.

किनाऱ्यावर काय घडते

अलिबागजवळच्या नागाव किंवा काशीद परिसरातील एका लहानशा घराचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. स्थानिक शाळेतील शिक्षकाला ते महिना नऊ हजारांनी देता येते. तेच घर शनिवार-रविवारी पर्यटकांना रात्रीला तीन हजारांनी दिले, तर आठ रात्रींत चोवीस हजार येतात. उरलेले बावीस दिवस घर रिकामे राहिले तरी मालकाचे नुकसान नाही. मालक लोभी आहे असे म्हणून येथे काहीच उलगडत नाही. घर एकच आहे आणि त्यावर दोन खिशांचा दावा आहे. एक खिसा गावातल्या पगाराचा, दुसरा मुंबईकराच्या सुट्टीचा. भाडे दुसऱ्या खिशाच्या मापाने ठरते, आणि शिक्षक रोज दूरच्या गावाहून एस.टी.ने येऊ लागतो.

यात सुट्टीपुरते वापरायचे 'दुसरे घर' घेणाऱ्यांची भर पडते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसह नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. दळणवळण सुधारले की अंतर मिनिटांत मोजले जाते आणि जमिनीला बाहेरचा ग्राहक मिळतो. गोव्यात ही प्रक्रिया आणखी जुनी. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील पाचांपैकी सुमारे एक घर रिकामे होते. ही सगळीच सुट्टीची घरे नव्हेत. परदेशी किंवा मुंबईला गेलेल्या कुटुंबांची वडिलोपार्जित, वाटण्या न झालेली घरेही त्यांत आहेत. मात्र कळंगुट, कांदोळी, हणजूण या किनारपट्टीत हॉटेलात काम करणारा कामगार जेव्हा खोली शोधतो, तेव्हा त्याला बंद घरांच्या रांगेतूनच जावे लागते. गोव्याने १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा केला, तो भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला हुसकावले जाऊ नये म्हणून. आजचा परप्रांतीय वेटर किंवा बांधकाम मजूर हा त्या कायद्याचा मुंडकार नव्हे. त्याच्यापाशी भाडेपावतीही बहुधा नसते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. तारकर्ली-मालवणकडे अनेक कुटुंबांनी राहत्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी ठेवल्या. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेमागेही हीच कल्पना आहे. या प्रकारात घर गावातून जात नाही. मालक तेथेच राहतो, सोलकढी त्याच्याच चुलीजवळ होते आणि पैसा गावात फिरतो. बाहेरच्या गुंतवणूकदाराने संपूर्ण घर विकत घेऊन ते रात्रीच्या दराने चालवणे ही गोष्ट वेगळी. पर्यटनामुळे घरे महागली, असे सरसकट विधान करताना हे दोन प्रकार एकत्र केले जातात आणि चर्चा भरकटते.

देहूचा पाहुणा

आता देहूकडे वळू. पाहुण्यांच्या संख्येचा विचार केला तर देहूने केव्हाच परवडण्यापलीकडे जायला हवे होते. फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, लाखो भाविक येतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचे प्रस्थान होते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास सुरू केलेला हा सोहळा आजही गाव ओसंडून टाकतो. भंडारा डोंगर आणि गाथा मंदिर यांच्या निमित्ताने वर्षभर राबता असतो तो वेगळाच.

असे असूनही देहूतील खोलीचे मासिक भाडे यात्रेवरून ठरत नाही. याचे कारण यात्रेकरूच्या खिशात आणि यजमानाच्या रीतीत आहे. वारकरी राहुटी घेऊन येतो, शाळेत, मठात, धर्मशाळेत किंवा कोणाच्या ओसरीवर पथारी टाकतो. दिंडी ठरलेल्या घरी वर्षानुवर्षे उतरते. त्या घरच्या माणसांना त्याबद्दल पैसे मागणे अवघड वाटते, कारण वारकऱ्याला जेवू घालणे हा मान समजला जातो. मुक्कामाची ही व्यवस्था बाजाराबाहेर राहिली. याचा अर्थ तीर्थक्षेत्रात बाजार शिरतच नाही असा मात्र करू नये. मोठ्या तीर्थक्षेत्रांत भक्तनिवास आणि लॉज यांची संख्या वाढत आहे, आणि मोटारीने येऊन त्याच दिवशी परतणारा भाविक राहुटीतल्या वारकऱ्यापेक्षा निराळा ग्राहक आहे. पण देहूच्या खोलीभाड्याचा निर्णय आजवर त्याने केलेला नाही. तो केला आहे कारखान्याने.

कारखान्याची वेळ आणि खोलीचे भाडे

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली आला, आणि त्याच्याबरोबर कामगारांची वसाहतही आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. पिंपरी-चिंचवडला १९७० मध्ये नगरपालिका झाली, आणि कामगारांना रास्त दरात भूखंड व घरे मिळावीत यासाठी १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. म्हणजे उद्योगाबरोबर घरांचाही विचार करावा लागतो, हे त्या काळी धोरणकर्त्यांना मान्य होते. कायम कामगाराला पगारपत्रक होते. त्यावर कर्ज मिळे, सहकारी गृहनिर्माण संस्था होई, प्राधिकरणात घर होई. हे प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले.

त्यापूर्वीच औद्योगिक पट्टा पुढे सरकला होता. चाकण, जे एके काळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई, ते बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांच्या कारखान्यांचे नाव झाले. देहू-आळंदी रस्त्यावरचे तळवडे लघुउद्योगांनी आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांनी भरले. मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान शेडची साखळी तयार झाली. परंतु आता येणारा कामगार पूर्वीसारखा कायम नव्हता. ठेकेदाराकडचा, शिकाऊ, सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळणारा असा हा कामगार मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून तसाच उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडमधून आला. त्याला कोणती बँक कर्ज देणार? त्याला घर विकत नकोच आहे. त्याला आज रात्रपाळी संपल्यावर पाठ टेकायला जागा हवी आहे. १९७२ च्या धोरणात या माणसाची कल्पनाच नव्हती. विक्रीसाठी घरे बांधणारे प्राधिकरण होते, नंतर खासगी विकासक आले. स्वस्त भाड्याची घरे मोठ्या प्रमाणावर बांधणारा मात्र कोणीच आला नाही.

ती पोकळी भरून काढली गावकऱ्याने. शेताच्या कडेला, घराच्या मागे, पत्र्याच्या किंवा विटांच्या दहा बाय दहाच्या खोल्यांची ओळ उभी राहिली. दोन ओळींमध्ये बोळ, टोकाला सामाईक संडास आणि नळ, दारावर मालकाने लावलेले विजेचे सबमीटर : ही या पट्ट्याची नवी चाळ. शेती कमी झालेल्या कुटुंबाला यातून महिन्याचे उत्पन्न मिळाले आणि कामगाराला आसरा मिळाला. या व्यवस्थेला केवळ 'अनधिकृत बांधकाम' म्हणून झटकून टाकणे लेखकाला योग्य वाटत नाही. जे शासनाने आणि उद्योगाने करायला हवे होते ते काम या खोल्यांनी केले आहे.

पण त्याची किंमतही आहे. चार तरुण एका खोलीत राहतात तेव्हा मालक खोलीचे नव्हे, डोक्याचे भाडे घेऊ लागतो. यालाच पुढे 'कॉट बेसिस' असे नाव मिळाले. समजा, एका कुटुंबाला खोलीचे चार हजार झेपतात, आणि चार अविवाहित मुले प्रत्येकी पंधराशे देऊन सहा हजार उभे करतात. खोली मुलांना जाते. नागावच्या शिक्षकाची आणि येथल्या बायकामुलांसह आलेल्या कामगाराची स्थिती एकच झाली : दोघांनाही आपल्यापेक्षा जास्त देणारा दुसरा खिसा आडवा आला. फरक इतकाच की किनाऱ्यावर तो खिसा श्रीमंताचा होता आणि येथे तो चार गरिबांनी मिळून शिवलेला आहे. मग कुटुंब गावीच राहते आणि कामगार एकटा येतो. या पट्ट्यात दिसणाऱ्या एकट्या पुरुषांच्या वस्तीमागे भाड्याचे हे गणितही आहे.

जमीन का मिळत नाही

मागणी वाढली तर खोल्या वाढून भाडे स्थिरावायला हवे, असे अर्थशास्त्र सांगते. किनाऱ्यावर त्याला मर्यादा घालते सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना; ती प्रथम १९९१ मध्ये निघाली आणि २०११ व २०१९ मध्ये नव्याने काढली गेली. भरतीरेषेलगतचे बांधकाम तिने मर्यादित केले. देहू परिसरातील अडथळा वेगळा आहे. देहूरोड येथील लष्करी दारूगोळा कोठाराभोवती, १९०३ च्या संरक्षणविषयक बांधकाम कायद्याखाली, दोन हजार यार्डांपर्यंत बांधकामास मनाई आहे. यालाच लोक 'रेड झोन' म्हणतात. सुरक्षेच्या दृष्टीने ही मनाई समजण्यासारखी आहे. परंतु मनाईमुळे मागणी नाहीशी होत नाही. या क्षेत्रातील जमीन गुंठ्यागुंठ्याने, नोटरीच्या कागदावर विकली गेली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्याचे रीतसर खरेदीखत अनेक वर्षे होत नसे. परवानगी नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बांधकाम स्वस्त, आणि पाडकामाची टांगती तलवार असल्याने मालकाला घातलेले पैसे लवकर वसूल करायचे असतात. भाडेकरूच्या वाट्याला येणारी गळकी खोली ही या साखळीची शेवटची कडी होय.

निगडीच्या सेक्टर २२ मध्ये महापालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी बांधलेल्या इमारतींपैकी काही रेड झोनच्या वादात सापडल्या आणि वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. टंचाईच्या मध्यभागी रिकामी घरे कशी असू शकतात, यासाठी आपणांस आता गोव्यापर्यंत जाण्याची गरज नाही.

कायदा आणि एक कागद

मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये आले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला जवळजवळ कायमचे संरक्षण दिले. त्याचा परिणाम दुहेरी झाला : राहत होता तो सुरक्षित झाला, पण नव्याने येणाऱ्याला घर मिळेना, कारण मालकाला घर भाड्याने देणे म्हणजे ते गमावणे वाटू लागले. पागडी हा शब्द या काळात घरोघरी पोहोचला. यातून काढलेली पळवाट म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स' करार. यात राहणारा भाडेकरू नसतो, ठरावीक मुदतीचा परवानाधारक असतो. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने या कराराला स्पष्ट स्थान दिले. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला कलम २४ नुसार दुप्पट शुल्क भरावे लागते.

याच कायद्याचे कलम ५५ मात्र भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी; ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास शिक्षेची तरतूद आहे. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, असा समज सर्वत्र आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. मुद्रांक शुल्कही फार नाही : एकूण भाडे आणि अनामतीवरील मानीव व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या ०.२५ टक्के.

हा कागद नसल्याने काय अडते? शिक्षणहक्क कायद्याखालील पंचवीस टक्के राखीव जागांवर मुलाला प्रवेश हवा असेल तर भाड्याने राहणाऱ्या पालकाकडे नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. चाळमालक करार देत नाही, कारण बांधकामालाच परवानगी नाही. म्हणजे रेड झोनची रेषा अखेर शाळेच्या दारापर्यंत जाऊन पोहोचते. २०२० च्या टाळेबंदीत हेच वेगळ्या रूपात दिसले. राज्य शासनाच्या गृहनिर्माण विभागाने त्या एप्रिलमध्ये किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी व कोणाला बाहेर काढू नये, अशी सूचना घरमालकांना केली. ज्याच्या राहण्याची कोठेच नोंद नाही, त्याने ती सूचना कोणाला दाखवायची? औद्योगिक पट्ट्यांतून गावाकडे चालत निघालेल्या लोकांच्या मागे पगाराबरोबर भाड्याचीही चिंता होती. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणारी भाडे-गृहसंकुल योजना जाहीर केली. स्वस्त भाड्याचे घर हे स्वतंत्र धोरण असू शकते, हे निदान त्यामुळे अधिकृतरीत्या मान्य झाले.

इतरांनी योजलेले उपाय

बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले की शहरातील दहा हजारांहून अधिक पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपुष्टात आणले जातील. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवर तीनशे टक्क्यांपर्यंत जादा कर लावण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना मिळाला. इंग्लंडच्या सेंट आयव्हज या किनारी गावाने २०१६ मध्ये सार्वमत घेऊन नवी घरे केवळ कायम रहिवाशांसाठीच असावीत असे ठरवले. त्यावर पुढे झालेला आक्षेप असा की सुट्टीची घरे घेणारे जुन्या घरांकडे वळले. हे सर्व उपाय श्रीमंत पाहुण्याचा खिसा आवळणारे आहेत. अलिबाग किंवा गोव्यात त्यांचा विचार करता येईल. गोव्यात पर्यटक-निवासांची नोंदणी १९८२ च्या कायद्याने बंधनकारक आहेच, प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

देहू-चाकण पट्ट्यात ते निरुपयोगी आहेत. येथे आवळण्यासारखा खिसाच नाही. येथे भाग घ्यायला हवा तो ज्याला या कामगाराची गरज आहे त्याने, म्हणजे उद्योगाने. औद्योगिक भूखंड देताना त्या प्रमाणात भाड्याच्या घरांसाठी जागा राखणे, ठेकेदाराच्या करारात निवासाची जबाबदारी लिहिणे, आणि जेथे सुरक्षेचा प्रश्न नाही तेथील चाळींना संडास, पाणी, वायुवीजन यांच्या किमान अटींवर नियमित करणे, असे मार्ग आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने गुंठ्यांच्या मालकांसाठी असा रस्ता काढला होता. भाडेकरूंसाठी कोणी काढलेला नाही.

क्षेत्रीय कार्य : आपण राहता त्या वस्तीतील भाड्याने राहणाऱ्या पाच कुटुंबांशी किंवा गटांशी बोला. त्यांची खोली, मासिक भाडे, अनामत, विजेच्या युनिटमागे मालक घेत असलेला दर, कराराची नोंदणी आणि कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर यांची नोंद करा. त्यांच्या आधी त्या खोलीत कोण राहत होते आणि ते का गेले, हेही विचारा. पहिल्या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळतील. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर, ते सांगणाऱ्याच्याच शब्दांत, दहा ओळींत लिहा.